घर समुद्राकाठी, धनी हिंगणघाटला

समुद्राविषयी काही विचारायचे असेल तर ते हिंगणघाटच्या माणसाला विचारू नये. आम्हांला पाणी ठाऊक आहे ते वणा नदीचे. आमची जमीन काळी, कापसाची. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते, आणि तिच्या या उठाबशांपायी आमच्या घरांच्या भिंतींना तडे जातात. त्यामुळे घर म्हटले की आम्ही पहिली चौकशी करतो ती पायाची. भिंतीला धोका असतो तो खालून, अशी आमची ठाम समजूत. तो हवेतूनही येतो, हे मला वयाच्या चाळिशीत शिकावे लागले, आणि त्या शिकवणीची फी काही थोडीथोडकी नव्हती.

आमचे मूळ घर कोकणात, दापोली तालुक्यात, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. जांभ्या दगडाच्या भिंती, वर कौले, पुढे पडवी, मागे माजघराला लागून स्वयंपाकघर. वडील नोकरीच्या निमित्ताने विदर्भात आले आणि इथलेच होऊन राहिले. घर थोरल्या काकांनी सांभाळले. काका गेल्यावर तिथे काकू एकटी राहू लागली. "इकडे ये, आमच्याकडे राहा," असे आम्ही दर वर्षी म्हणावे आणि तिने दर वर्षी "बघू रे" म्हणावे, असा आमचा परिपाठ होता.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. रायगडात त्याने हाहाकार केलाच, पण दापोली आणि मंडणगड हे रत्नागिरीतले तालुकेही सोडले नाहीत. नारळीपोफळीच्या बागा आडव्या झाल्या. आमच्या घराची निम्मी कौले उडाली, आणि उघड्या पडलेल्या स्वयंपाकघरात पुढचा सारा पाऊस कोसळला. काकू तेव्हा 78 वर्षांची. चार दिवस तिने शेजाऱ्यांकडे काढले आणि पाचव्या दिवशी ताडपत्री टाकून घेऊन पुन्हा आपल्या घरात गेली. फोनवर म्हणाली, "घर नीट करून देतोस, की मला इथून हलवतोस? दोन्हीतलं एक काय ते सांग."

हलवायचे नाही, हे तर तिच्या आवाजातच होते. म्हणून घर नीट करायचे ठरले.

आता माझी चूक सांगतो. करोनाचे दिवस, प्रवास अवघड. वर्धेहून मुंबई, मुंबईहून खेड, खेडहून दापोली, म्हणजे हजार किलोमीटरांच्या आसपासचा पल्ला. मी फोनवरूनच एका ठेकेदाराला काम उक्ते देऊन टाकले. माणूस त्याच भागातला, बोलायला गोड, काकांना ओळखणारा. अशा माणसाजवळ कागद मागायचा म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा, असे मला वाटले. चार लाखांत सगळे ठरले. 'सगळे' म्हणजे काय, हे त्याने सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

आणखीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. स्वयंपाकघर कसे हवे, हे काकूला न विचारता मीच ठरवले. हिंगणघाटच्या माझ्या घरासारखे. काँक्रीटचा ओटा, वर सामानासाठी काँक्रीटचा माळा, भिंतींना गुळगुळीत सिमेंटचा गिलावा, आणि धूळ येऊ नये म्हणून समुद्राकडची खिडकी बंद. काकू एवढेच म्हणाली, "खिडकी बुजवू नको रे. ती घराचं नाक आहे." मी हसलो.

काम फेब्रुवारी 2021 मध्ये संपले. फोटो आले, सुरेख होते. ऑगस्टमध्ये काकूचा फोन आला. "भिंतीला मीठ सुटलंय."

मला वाटले, ओल असेल. पण गौरी-गणपतीला मी स्वतः गेलो, तेव्हा भिंतीवर पांढरी साय धरली होती. बोट लावले की पापुद्रा निघून यायचा. माळ्याच्या खालच्या अंगाला तांबूस रेघ उमटली होती. शेजारच्या वाडीतला एक वयस्क गवंडी बघायला आला. त्याने भिंतीवरची साय बोटाने टिपली, जिभेला लावली आणि म्हणाला, "काकी, लोणा लागलाय. वाळू पुळणीची दिसते."

पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. फुकट मिळते, घराजवळ मिळते, आणि तिथेच ठेकेदाराचा नफा होतो. गवंड्याच्या जिभेवर माझा विश्वास होता, पण मास्तरकीची सवय जाईना. कोपऱ्यात उरलेली वाळू मी पिशवीत भरून हिंगणघाटला आणली. आमच्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी ती शुद्ध पाण्यात भिजवली, पाणी गाळले, त्यात नायट्रिक आम्लाचे दोन थेंब टाकले आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पाणी एका क्षणात दुधासारखे झाले. "सर," ते म्हणाले, "तुम्ही भिंत बांधली नाहीत, लोणचं घातलंत!"

या मिठाचे दुहेरी दुष्कृत्य समजून घेण्यासारखे आहे. एक तर मीठ हवेतली ओल ओढून घेते. कोकणात पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर, कुठे त्याहूनही अधिक पाऊस पडतो. आमच्या वर्धा जिल्ह्यात तो हजाराच्या आसपास. तेव्हा तिथे ओलीला काय तोटा? भिंत ओली होते, सुकते, पुन्हा ओली होते. सुकताना आतल्या मिठाचे खडे बनतात आणि ते गिलाव्याला आतून ढकलतात. दुसरे, मीठ काँक्रीटमधल्या सळईपर्यंत पोचले की ती गंजते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो फुगतो आणि काँक्रीट फोडून बाहेर येतो. माळ्याखालची ती तांबूस रेघ म्हणजे याचीच नांदी होती, आणि त्या माळ्याखाली काकू रोज चहा करत होती.

त्या सुमारास माझे पाय एके संध्याकाळी आमच्या गावातल्या एका जुन्या कबरीकडे वळले. विल्यम लॅम्बटन या इंग्रज मोजणीदाराची ती कबर. 1802 साली मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजून त्याने हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला आणि वीस वर्षे मोजत मोजत तो उत्तरेला सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरकडे जात असताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्याचे देहावसान झाले. आम्ही गावकरी त्या कबरीवरून जातो-येतो, पण तिच्यातल्या माणसाने काय केले, याचा विचार क्वचितच करतो.

त्याची पद्धत अशी होती. मोजणीची पोलादी साखळी उन्हाने लांबते, म्हणून साखळीबरोबर तापमानाचीही नोंद ठेवायची. एका आधाररेषेवरून त्रिकोण जोडत दूरवर गेल्यावर, तिथे दुसरी रेषा जमिनीवर प्रत्यक्ष मोजायची आणि आकडेमोडीने आलेल्या लांबीशी ताडून पाहायची. मद्रासहून बंगलोरपर्यंत अशी पडताळणी केली, तेव्हा फरक निघाला तो केवळ काही इंचांचा. आपल्या साखळीवर त्याचा विश्वास नव्हता का? होता, आणि तो टिकावा म्हणूनच तो दुसऱ्यांदा मोजत होता. मला वाटले, कागद मागणे म्हणजे अविश्वास, हे मी कोणत्या शाळेत शिकलो?

ठेकेदाराकडे गेलो, तर तो म्हणाला, "वाळू कोणती घालायची, हे कुठं ठरलं होतं?" त्याचे म्हणणे खरे होते. पैसे बँकेतून गेल्याची नोंद होती; पण ते कशाबद्दल गेले, हे कुठेच लिहिलेले नव्हते. मी हात जोडून परत आलो.

वास्तविक कायदा गिऱ्हाइकाच्या बाजूने बराच उभा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात घरबांधणी ही 'सेवा' धरली आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. आणि माझ्यासारख्या परगावच्या माणसाला उपयोगी गोष्ट अशी, की या कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही तक्रार करता येते. म्हणजे काम कोकणात बिघडले तरी हिंगणघाटच्या माणसाला वर्धेला दाद मागता येते. पण तिथे जायचे तर हातात कागद हवा. तोंडी करारही करारच असतो. फक्त तो सिद्ध करताना तोंडचे पाणी पळते.

दुसऱ्या खेपेला, 2021 च्या दिवाळीच्या सुट्टीत, मी कोकणात जाऊन बसलो. काम त्या वयस्क गवंड्याला आणि त्याच्या पुतण्याला दिले. या वेळी उक्ते नाही. साहित्य आम्ही आणायचे, मजुरी मोजमापावर. गिलावा ब्रासने, म्हणजे दर शंभर चौरस फुटांना अमुक इतकी. करार योग्य मुद्रांकावर, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. त्यात वाळूचे नाव लिहिले. दगडाच्या खाणीवरची, गोड्या पाण्याने धुतलेली. पुळणीची किंवा खाडीची नाही. बयाणा दहावा हिस्सा. पुढचे हप्ते काम मोजल्यावर. आणि मोजायचे कोणी? तर गावातल्या एका निवृत्त ओव्हरसिअरने, ज्याचा या कामात दमडीचा फायदा नाही. त्याला वेगळे मानधन दिले. ही माझी दुसरी आधाररेषा. शेवटचा दहावा हिस्सा एक पावसाळा पाहून मगच द्यायचा, असेही लिहिले.

गवंड्याला याचा राग येईल, अशी मला धास्ती होती. त्याने पुतण्याकडून करार वाचून घेतला, अंगठ्याशेजारी सही केली आणि म्हणाला, "बरं झालं भाऊ. आता मागाहून तुम्ही आणखी काही सांगितलंत, तर त्याचे पैसे निराळे, हेही यात आलं." कागद त्याच्याही संरक्षणाचा होता, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

काय काय केले, ते थोडक्यात सांगतो. किनाऱ्यावर घर असलेल्या वाचकांना उपयोग होईल. खारा गिलावा पार जांभ्यापर्यंत खरवडून काढला. मीठ पाण्याने धुतले नाही, कारण मग ते पुन्हा भिंतीत जिरते. ते कोरड्या ब्रशने झाडले. भिंती जानेवारीपर्यंत उघड्या ठेवल्या. मग आतून चुन्याचा गिलावा दिला. जांभा सच्छिद्र, चुन्याच्या गिलाव्यातून त्याची ओल बाहेर पडते, घट्ट सिमेंटमागे ती कोंडते. काँक्रीटचा माळा पाडला आणि जुन्या फणसाच्या लाकडाचा केला. काँक्रीट जिथे टाळता येत नाही तिथे सळईवरचे आवरण पाहावे. आय. एस. 456 या भारतीय मानकात ते सौम्य हवेत निदान 20 मिलिमीटर, खाऱ्या हवेपासून आडोसा असेल तर 30 आणि ती थेट लागत असेल तर 45 सांगितले आहे. कपाटांना आय. एस. 710 ची मरीन प्लायवूड, आणि ती बाहेरच्या भिंतीपासून दोन इंच सोडून. बिजागऱ्या आणि स्क्रू 316 प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाचे तिथे दोन पावसाळ्यांत वाटोळे होते. ओलसर भिंतीतल्या विजेसाठी 30 मिलिअँपिअरला तुटणारी सुरक्षा-कळ. आणि चौथऱ्याबाहेर वीतभरही वाढवायचे असेल, तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्यावेत.

समुद्राकडची खिडकी अर्थातच उघडली. तो खर्च यादीत सर्वांत लहान होता.

या दुसऱ्या कामाला दोन लाख साठ हजार लागले. पहिले चार लाख बहुतांशी मातीमोल, किंवा खरे म्हणजे मीठमोल झाले. 2022 चा पावसाळा संपल्यावर ओव्हरसिअरने भिंतींवरून हात फिरवला आणि मला फोन केला. "कोरडी आहे." त्याच दिवशी मी गवंड्याचा राहिलेला हिस्सा पाठवला.

त्या दिवाळीला आम्ही सगळे तिकडे गेलो. पहाटे अभ्यंगस्नानानंतर काकू ओट्यापाशी चहा करत होती आणि खिडकीतून वारा येत होता. मी म्हणालो, "काकू, मी तुला आधीच विचारायला हवं होतं."

"मला कशाला?" ती म्हणाली. "त्या खिडकीला विचारायचंस. मी या घरात लग्न होऊन आले, तेव्हा ती आधीपासून इथं होती."

मग तिने कपात चहा ओतला, आणि साखरेचा डबा माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "चाखून बघून घाल हो. नाहीतर मीठ असायचं."