हॅटफील्डचा उमराव आणि मतपेटी

लंडनच्या उत्तरेला, हर्टफर्डशरमध्ये, हॅटफील्ड हाउस हा लाल विटांचा भव्य वाडा उभा आहे. सेसिल घराण्याने तो १६११ साली बांधून पुरा केला. याच वाड्यात ३ फेब्रुवारी १८३० रोजी रॉबर्ट सेसिल जन्मला. मार्क्विस ऑफ सॉल्सबरी या नावाने तो पुढे तीनदा ब्रिटनचा पंतप्रधान झाला. सामान्य माणसाच्या हाती मताधिकार गेला तर देश बुडेल, असे मानणाऱ्या या उमरावाला सत्तेवर बसवले ते मात्र सामान्य मतदारांनीच.

रॉबर्टला थोरला भाऊ असल्याने मिळकत त्याला मिळायची नव्हती. ईटनच्या शाळेत मुलांनी त्याचा इतका छळ केला की पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला घरी आणले. १८५३ मध्ये तो स्टॅमफर्डमधून पार्लमेंटवर बिनविरोध निवडून आला, कारण तो मतदारसंघ नात्यातल्याच एका उमरावाच्या मुठीत होता. वडिलांच्या मनाविरुद्ध त्याने एका न्यायाधीशाच्या मुलीशी लग्न केले आणि नियतकालिकांत लेख लिहून संसाराला हातभार लावला. १८६५ मध्ये थोरला भाऊ वारला, १८६८ मध्ये वडीलही गेले, आणि पदवी व जमीनजुमला त्याच्याकडे आला.

१८६६ च्या जुलैत तो भारतमंत्री झाला, तेव्हा ओरिसात भीषण दुष्काळ होता. काळजीचे कारण नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितले आणि त्याने ते खरे मानले. सुमारे दहा लाख माणसे मेली. त्या वेळी आपण हात बांधून बसलो, ही टोचणी त्याला जन्मभर राहिली. तरीही १८७६ पासूनच्या दुष्काळात दख्खन आणि मद्रास होरपळले, तेव्हा भारतमंत्री तोच होता. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. मदत अपुरीच पडली आणि लक्षावधी माणसे दगावली.

शहरी कामगारांना मत देणारे विधेयक १८६७ मध्ये त्याच्याच पक्षाने आणले, तेव्हा त्याने मंत्रिपद सोडले. पण कायदा झाल्यावर तो रुसून बसला नाही. १८८५ ते १९०२ या काळात तेरा वर्षांहून अधिक काळ तो पंतप्रधान होता. १८८८ मध्ये त्याच्याच सरकारने परगण्यांचा कारभार जमीनदार न्यायदंडाधिकाऱ्यांकडून काढून लोकनियुक्त मंडळांकडे दिला. १८९१ मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी जवळजवळ सर्वत्र बंद झाली.

घरातही त्याला नव्याची ओढ होती. वाड्यात त्याची स्वतःची प्रयोगशाळा होती. १८८१ च्या सुमारास हॅटफील्डमध्ये विजेचे दिवे लागले. खासगी घरांत ते अगदी पहिल्यांपैकी होते. दालनाच्या छताजवळच्या तारांनी पेट घेतला की घरची मंडळी खालून उशा फेकून आग विझवत. त्या उघड्या तारांनी बागेतल्या एका कामगाराचा जीवही घेतला.

नव्याची ही ओढ माणसांच्या बाबतीत मात्र टिकली नाही. १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत सॉल्सबरीने पार्लमेंटची निवडणूक लढवलेल्या दादाभाई नौरोजींचा उल्लेख 'काळा माणूस' असा केला आणि इंग्रज मतदार अशाला निवडून देणार नाही, असे सुचवले. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेल्या दादाभाईंचे नाव या एका उल्लेखामुळे ब्रिटनभर झाले. १८९२ च्या निवडणुकीत लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीने त्यांना बोटांवर मोजण्याइतक्या मताधिक्याने पार्लमेंटात पाठवले. त्याच निवडणुकीनंतर सॉल्सबरीला सत्ता सोडावी लागली.

१८९५ मध्ये मतदारांनी त्याला पुन्हा बोलावले. १९०२ मध्ये निवृत्त झालेला हा उमराव हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसून देश चालवणारा शेवटचा पंतप्रधान ठरला. १९०३ च्या ऑगस्टमध्ये, जन्माला आला त्याच वाड्यात, त्याने डोळे मिटले. ज्या मतदाराची त्याला आयुष्यभर धास्ती वाटली, त्यानेच सॉल्सबरीला सत्तेवर बसवले आणि सॉल्सबरीने हिणवलेल्या दादाभाईंनाही पार्लमेंटाचे दार उघडून दिले.