लहानात लहान कथेची निवड

कन्नड लघुकथेचे जनक मानले गेलेले मास्ती व्यंकटेश अय्यंगार यांचा पहिला संग्रह १९२० साली निघाला. ‘केलवु सण्ण कथेगळु’ हे त्याचे नाव. अर्थ एवढाच, ‘काही लहान कथा’. पुढे बंगळूर येथे ‘जीवन’ मासिकाचे संपादक या नात्याने इतरांचे लेखन निवडण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

अशा निवडीत सर्वांत अवघड ठरते ती पानभराची कथा. दीर्घ कथेतील सैल परिच्छेद संपादक सुधारून घेऊ शकतो; दहा ओळींच्या कथेत एक सैल ओळ म्हणजे कथेचा दशांश भागच वाया गेला. शेवटच्या वाक्यातील धक्क्यावर उभी असलेली कथा तर प्रथम वाचनी हमखास मोहविते आणि दुसऱ्या वाचनी चुटका ठरते. उलट, सादत हसन मंटो यांच्या ‘सियाह हाशिये’ (१९४८) या संग्रहातील, फाळणीच्या दंगलींवरील काही कथा अवघ्या दोन-तीन ओळींच्या असूनही पुन्हा वाचताना अधिकच अस्वस्थ करतात. कारण त्यांत न सांगितलेले भीषण सत्य वाचक स्वतःच भरून काढतो. हस्तलिखितांच्या गठ्ठ्यात मात्र अशी हळू आवाजाची कथा भडक शेजारणींखाली सहज दबून जाते. ती दुसऱ्या दिवशी, एकटीच काढून वाचावी लागते.