घरीं भरलेलें काडतूस

पौष महिन्यांत कऱ्हाकांठच्या ज्वारीच्या कणसांत दाणा भरूं लागला, म्हणजे बारामती-इंदापूरकडील शेतकऱ्याचें अंथरूण घरांतून शेतांतल्या माळ्यावर जातें. दिवसा पांखरांचे थवे आणि रात्रीं रानडुकरें यांपासून पीक राखण्याचीं साधनें कऱ्हाटींत पिढ्यान् पिढ्या ठरलेलीं आहेत : गोफण, बडवावयाचा पत्र्याचा डबा, शेकोटी, आणि एखाद्या घरीं परवान्याची ठासणीची बंदूक. या बंदुकीचा उपयोग पुष्कळदां नुसता मोकळा बार काढण्यापुरताच होतो. आवाज झाला, डुकरें पळालीं, काम झालें. ज्यांनीं हा बार भरतांना पाहिला असेल, त्यांस अमेरिकेंतील वा युरोपांतील हौशी नेमबाजांच्या एका छंदाचें फारसें नवल वाटणार नाहीं. ते लोक उडविलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या वेंचून घरीं आणतात व फावल्या वेळीं त्या पुन्हां भरतात. आपला बार आपल्या हातानें सिद्ध करावयाचा, ही कल्पना दोन्हींकडे एकच आहे. मात्र दोन्हींतील जोखीम सारखी नाहीं, आणि दोहोंकडे पाहणारा कायदाही सारखा नाहीं.

ठासणीच्या बंदुकीचें काम उघडें व संथ. नळीच्या तोंडांतून मापानें दारू ओतावयाची, तीवर चिंधीचा किंवा कागदाचा बोळा गजानें दाबून बसवावयाचा, त्यावर छर्रे, आणि छर्रे गळूं नयेत म्हणून पुन्हां एक बोळा. नळीच्या बुडाशीं कानाचें छिद्र असतें. तेथून ठिणगी आंत जाते. पूर्वीं या कानापाशीं रंजक ठेवीत व तिला तोड्यानें किंवा गारेच्या ठिणगीनें पेटवीत. रंजक आधीं भडके आणि बार मागून होई. बेल्हेल्व्ही या स्कॉटिश गांवचे धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्साइथ हे पक्ष्यांच्या शिकारीचे शोकी होते. रंजकाचा धूर दिसतांच पांखरें उडून जातात, ही त्यांची तक्रार होती. केवळ आघातानें पेट घेणारें द्रव्य वापरण्याची युक्ति त्यांनीं शोधून १८०७ सालीं तिचें पेटंट घेतलें. तींतूनच पुढें तांब्याची लहानशी टोपी निघाली. घोडा टोपीवर आपटतो, टोपी फुटते आणि तिची ज्वाला कानांतून आंतल्या दारूस लागते. एका पाद्र्याच्या चुकलेल्या नेमानें जगांतील सर्व सैन्यांच्या बंदुका बदलल्या, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

काडतूस म्हणजे हीच चारी द्रव्यें एका डबींत. पितळेची, कागदाची अथवा प्लॅस्टिकची पुंगळी, तिच्या बुडाशीं टोपी, आंत दारू, आणि तोंडाशीं गोळी किंवा बोळ्यासह छर्रे. छर्ऱ्यांच्या बंदुकीचा ‘बारा बोअर’ हा शब्द सर्वांच्या कानांवरून गेलेला असतो, पण त्याचा अर्थ थोड्यांस ठाऊक असतो. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यांतील एक गोळी ज्या नळींत नेमकी बसेल, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारें साडेअठरा मिलिमीटर भरतो. अशा सोळा गोळ्या केल्या तर नळी अर्थातच लहान होते. म्हणून आंकडा वाढला कीं भोंक बारीक.

बार उडाल्यावर दारू जळून जाते, गोळी निघून जाते व टोपी फुटते. उरते ती पुंगळी, आणि चौघींत घडविण्यास सर्वांत महाग तीच. छंदाचें मूळ या हिशेबांत आहे. पुंगळी पुन्हां भरण्याजोगी आहे कीं नाहीं, हें मात्र तिच्या बुडावर अवलंबून असतें. १८६६ च्या सुमारास दोघांनीं दोन तऱ्हेच्या टोप्या काढल्या : अमेरिकेचे हायरम बर्डन आणि इंग्लंडचे कर्नल एडवर्ड बॉक्सर. बॉक्सरच्या पद्धतींत पुंगळीच्या बुडास मधोमध एकच छिद्र असतें, त्यामुळें बारीक सळई घालून जुनी टोपी सहज बाहेर ढकलतां येते. बर्डनच्या पद्धतींत छिद्रें दोन व बाजूला असतात. तेथें सळई चालत नाहीं. गंमत अशी कीं इंग्रजाची टोपी अमेरिकेंत रुजली आणि अमेरिकनाची युरोपांत. अमेरिकेंत हा छंद घरोघर पसरला याचें एक कारण ही लहानशी अदलाबदल होय.

न्यू हेवन येथील जॉन बार्लो यांनीं १८८४ पासून पुंगळ्या भरण्याचीं हातांत मावणारीं अवजारें विकावयास आरंभ केला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत गोळ्यांचा तुटवडा पडला, तेव्हां कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवच्या फ्रेड हंटिंग्टन यांनीं बावीस बोअरच्या फेंकून दिलेल्या पुंगळ्यांपासून गोळ्यांचें वेष्टण दाबून काढण्याचा सांचा बनविला, आणि १८४३ नव्हे तर १९४३ सालीं, म्हणजे तोंडानें बार भरण्याचे दिवस केव्हांच मागें पडल्यावर, त्यावर एक कारखानाच उभा राहिला. आज तिकडे हा छंद काटकसरीपुरता उरलेला नाहीं. दूरच्या लक्ष्यावर नेम धरणाऱ्या रायफलवाल्यास एकाच जातीची दारू, एकाच वजनाची गोळी व एकाच लांबीची पुंगळी हवी असते. प्रत्येक बार मागच्या बारासारखाच व्हावा, हा त्याचा ध्यास. पुंगळी धुवून पुसून तिला तडा गेला आहे काय हें पाहणें, फुटकी टोपी काढणें, बारानें फुगलेली पुंगळी पोलादी सांच्यांत दाबून मूळ आकारास आणणें, लांबी वाढली असल्यास तोंड कातरणें, नवी टोपी बसविणें, दारू तोलणें आणि शेवटीं गोळी ठराविक खोलीपर्यंत बसविणें, असा हा क्रम आहे. दारूचा तराजू ग्रेनच्या दहाव्या हिश्शापर्यंत दाखवितो. ग्रेन म्हणजे सोनाराच्या गुंजेच्या सुमारें निम्मा भार. त्याचाही दहावा भाग. दारूचें प्रमाण तो मनानें ठरवीत नाहीं. दारू तयार करणाऱ्यानें छापलेल्या कोष्टकाबाहेर तो जात नाहीं, आणि जो जातो त्याचें नांव इतर भरणारे सांगतात तें बहुधा इस्पितळाच्या गोष्टींत.

चुका कोठें होतात हें पाहिल्याशिवाय या कामाची खरी ओळख होत नाहीं. पुंगळींत दारू घालावयाची राहिली, तर नुसत्या टोपीच्या जोरावर गोळी नळींत शिरते व मध्येंच अडकते. आवाज अगदीं मंद होतो. भरणाऱ्यास वाटतें, बार फुसका गेला. तो दुसरें काडतूस घालतो, आणि तुंबलेली नळी त्याच्या डाव्या हातांत फुटते. बोलण्याच्या नादांत एकाच पुंगळींत दारू दोनदां पडली तर परिणाम याहून वेगळा नाहीं. म्हणून जाणते लोक हें काम करतांना रेडिओदेखील बंद ठेवतात, हें श्रोत्यांनीं क्षमा करून ऐकावें.

ठासणीच्या बंदुकीची संवय असलेल्या हातास सर्वांत मोठा धोका याहून निराळा आहे. शोरा, गंधक व कोळसा यांची काळी दारू ही मापानें भरण्याची वस्तु आहे. माप थोडें चुकलें तर धूर अधिक होतो, धक्का अधिक बसतो, पण ती दारू त्या मानानें सोशीक आहे. १८८४ मध्यें पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनज्ञानें बिनधुराची दारू सिद्ध केली, व तेव्हांपासून काडतुसांत तीच येऊं लागली. ती दिसण्यांत कांहीं फार निराळी नसते. पण तितक्याच मापांत तिचें बळ कितीतरी अधिक असतें. जुन्या मापाचा प्याला आणि नवी दारू एकत्र आलीं, कीं बंदुकीचें बूड फाटतें. नव्या काडतुसांतून दारू काढून ती ठासणींत घालणें, ही जीवावरची गोष्ट आहे. काळ्या दारूच्या जुन्या नळीला जोर सोसण्याचीही एक सीमा असते. आजच्या रायफलींतील काडतुसाचा दाब छर्ऱ्यांच्या बारा बोअरच्या काडतुसाच्या पांचपटीपर्यंत जातो, एवढ्यावरून या सीमेची कल्पना यावी. कांहीं लोक जुनी टोपी तशीच ठेवून आंतील द्रव्य बदलूं पाहतात, कांहीं खिळा व हातोडी घेतात. टोपींतील द्रव्य आघातानेंच पेटावें म्हणून बनविलेलें असतें; हातोडीचा आणि घोड्याचा आघात यांत तें भेद करीत नाहीं.

आतां हा छंद आपल्याकडे कां नाहीं, हा प्रश्न येतो. उत्तर कायद्यांत आहे. १८७८ च्या कायद्यानें हत्यारांस परवाना लागूं लागला. स्वातंत्र्यानंतर त्याच्या जागीं १९५९ चा शस्त्र कायदा आला व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. या कायद्याचें तेरावें कलम कऱ्हाटींतल्या शेतकऱ्यानें वाचण्यासारखें आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठीं ठासणीची बंदूक, संरक्षणासाठीं किंवा क्रीडेसाठीं वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची छर्ऱ्यांची बंदूक, आणि मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सभासदास निशाणबाजीसाठीं बावीस बोअरची रायफल अथवा हवाई रायफल, असे प्रकार त्यांत नांवानिशीं सांगितले आहेत. मुंबई-दिल्लीस बसून केलेल्या कायद्यांत माळ्यावरच्या माणसाची आठवण राहिली, हें विशेष होय.

तोच कायदा दारूगोळ्याची व्याख्या मात्र फार रुंद करतो. काडतुसाचे सुटे भाग आणि काडतूस बनविण्याचीं यंत्रेंही तीत येतात. तेव्हां पुंगळी भरण्याचा सांचा हा कायद्याच्या दृष्टीनें कातरीसारखें अवजार नसून स्वतःच दारूगोळा आहे. विनापरवाना दारूगोळा बनविण्यास पांचव्या कलमानें मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यासाठीं किमान सात वर्षें व कमाल जन्मठेप अशी शिक्षा सांगितली आहे. बंदुकीचा परवाना काडतुसें बाळगण्याचा आहे, आणि तींही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीं. तीं घडविण्याचा नाहीं. ठासणीवाला आपल्या नळींत परवान्याची दारू ठासतो, तो बार भरतो. पण पुंगळी, टोपी व सांचा घेऊन बसलेला मनुष्य काडतूस तयार करतो. बाहेरून पाहतां दोघांचे हात तेंच करतांना दिसतात.

काडतूस हवें असेल तर तें विकत घ्यावें, आणि त्यासाठीं पुणें जिल्ह्यानें कोणाचें तोंड पाहण्याचें कारण नाहीं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ मध्यें सरकारी आयुध कारखान्यांची फेरमांडणी झाली, तेव्हां तो म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे गेला. बंदूक व काडतूस दोन्ही परवान्याचीं असलीं, तरी रानडुकरास गोळी घालण्याची परवानगी निराळी. ती वनखात्याकडून मिळवावी लागते. सुप्याच्या माळावरील चिंकाऱ्यांस तर बंदूक दाखविण्याचीही सोय नाहीं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानें त्यांस पूर्ण अभय दिलें आहे, व १९९७ पासून तेथें मयूरेश्वर अभयारण्य आहे. उजनीच्या पाण्यावर भिगवणपाशीं उतरणाऱ्या पांखरांची गोष्टही तीच. शिकारीचा शोक म्हणून पुंगळ्या भरण्याचें निमित्त या मुलुखांत उरलेलें नाहीं.

राहिला निशाणबाज. महाराष्ट्रांत त्यांची परंपरा उत्तम आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० मध्यें म्युनिक येथें पन्नास मीटर रायफलीचें जागतिक अजिंक्यपद मिळविलें. त्याच जिल्ह्यांतील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें त्याच अंतरावर कांस्यपदक घेतलें. परंतु या प्रकारांत बावीस बोअरचें काडतूस लागतें, आणि त्याची रचनाच अशी कीं तें पुन्हां भरतां येऊं नये. त्यास निराळी टोपी नसते. पेटणारें द्रव्य पुंगळीच्या दुमडलेल्या कांठांत पसरलेलें असतें, आणि घोड्याच्या सुईनें तो कांठ चेपला कीं त्याचें काम संपतें. मग सारखेपणाचा ध्यास हे खेळाडू कसा पुरवितात? एकाच कारखान्याच्या निरनिराळ्या घाण्यांतील काडतुसें आपल्याच रायफलींतून उडवून पाहतात, आणि जो घाणा सर्वांत दाट नेम देतो तोच स्पर्धेसाठीं राखून ठेवतात. अमेरिकन छंदी जें तराजूवर शोधतो, तें हे लक्ष्याच्या कागदावर शोधतात. बारामतीकडील जो मुलगा पुण्यास बालेवाडीच्या मैदानावर जाऊं इच्छितो, त्याची सुरुवात तर हवाई रायफलीनेंच होते. तींत दारू नाहीं, टोपी नाहीं, पुंगळीही नाहीं.

जुन्या वाड्यांतून मात्र हा विषय अजून केव्हां केव्हां निघतो. आजोबांची पेटी उघडावी तों तळाशीं हिरवट पडलेलीं पितळी काडतुसें, नमद्याच्या चकत्या, दारूचें माप, टोपी दाबावयाचा चिमटा असें सांपडतें. परवानाधारक वारल्यावर हा ठेवा वारसाच्या हातीं कायदेशीर राहत नाहीं. एकविसाव्या कलमाप्रमाणें तो जवळच्या पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवावयाचा असतो. तेथें ठेवल्यावर वारसानें स्वतःचा परवाना मिळविल्यास बंदूक परत घेतां येते. पेटी सांपडली तर काडतुसें पुसूं नयेत, हलवून पाहूं नयेत, चुलींत किंवा आडांत टाकूं नयेत. मुलांस दूर करून ठाण्यावर आधीं वर्दी द्यावी आणि तीं कशीं आणावीं हें त्यांनाच विचारावें. चिमटा व माप हींही वर्दींत सांगावीं.