आधी छप्पर, मग कूलर

चैत्र सरून वैशाख लागला की आमच्या हसनाबादेत दुपारी बारा ते चार गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. माणसे दिसतात ती लिंबाखाली. घराला दोन-तीन लाख घातलेले, आत पंखा गरगरतोय आणि घरधनी मात्र पोते अंथरून झाडाखाली पडलेला. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, सगळी तिथेच. "घरात का नाही बसत?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते, "साहेब, पत्रा भाजतोय." स्लॅबवाल्याला विचारा, तो म्हणतो, "दिवसा निभतंय हो, पण रात्री भट्टी होते."

माझे शिक्षण शेतीचे. बी, खत, फवारणी, माती परीक्षण हा माझा धंदा. घरबांधणीबद्दल मी बोलावे हे गवंडीदादांना रुचणार नाही. पण विस्ताराच्या कामात बांधावर जाण्याआधी पहिला चहा घरात होतो, आणि इतकी वर्षे इतक्या घरांत चहा प्याल्यावर कोणते घर तापते आणि कोणते तापत नाही, हे आपोआप कळू लागते.

मला खरी जाग आली ती एका रेशीमवाल्या शेतकऱ्याच्या वस्तीवर. आपल्या जिल्ह्यात तुतीची लागवड वाढली आणि २०१८ साली जालन्यात कोष खरेदीची बाजारपेठही सुरू झाली, हे आपण जाणताच. रेशमाची अळी मोठी नाजूक. तिला २५ अंशांच्या आसपास हवा मानवते, हवेत ओलही लागते. म्हणून या गृहस्थाने शेडच्या पत्र्याला पांढरा रंग दिला होता, वर दोन हात उंचीवर शेडनेट ताणली होती, खिडक्यांना ओली पोती लावली होती. आत गेलो तर जीव थंड झाला. आणि शेजारीच राहते घर. नुसता उघडा पत्रा, खाली दोन लेकरे घामाने चिंब होऊन झोपलेली. मी थट्टेने म्हणालो, "अळीचे नशीब लेकरांपेक्षा थोर दिसतंय." तो हसला नाही. थोडा वेळ पत्र्याकडे बघत उभा राहिला.

अळी मेली की नुकसान रुपयांत मोजता येते, म्हणून तिथे आपण हात राखत नाही. माणसाचे तापणे मोजले जात नाही, म्हणून ते चालवून घेतो. पण ते तेवढ्यावर थांबत नाही, बरे का. २०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची लाट आली, तेव्हा नेहमीच्या मानाने तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांची छपरे चुन्याने पांढरी करायला घेतली. तेलंगण सरकारने तर २०२३ साली थंड छपरांचे धोरणच जाहीर केले. म्हणजे शहाण्या माणसांनी कूलर वाटण्याऐवजी छपराकडे पाहिले.

छपराकडेच का? मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी अंगणात एक काठी सरळ उभी करा. काठीची सावली तिच्या पायाशीच विरते. सूर्य त्या दिवसांत आपल्या तालुक्याच्या नेमका माथ्यावर येतो. भिंतीवर ऊन तिरपे पडते, छपरावर सरळ. घरात जी धग येते तिचा मोठा वाटा वरून येतो. पत्रा पातळ, तो क्षणात तापतो आणि क्षणात खाली धग सोडतो. स्लॅबचे तसे नाही. पाच इंचांचे काँक्रीट दिवसभर ऊन पीत राहते आणि रात्री ते खाली ओकते. अशा स्लॅबखाली पंखा लावला की तो वरची गरम हवा खाटेवर आणून टाकतो. त्याचा तरी काय दोष!

आता कोणी आजोबा म्हणतील, "आमचे माळवद किती गार होते!" खरेच होते. तुळया, त्यावर कडीपाट किंवा किलच, त्यावर लिंबाचा पाला, आणि वर पांढरीच्या मातीचा जाड थर. उजेड यायला आणि धूर जायला मधोमध सवणे. भिंती दोन-दोन, अडीच-अडीच फुटांच्या. दुपारचे ऊन त्या मातीतून आत यायला इतका वेळ घेई की तोवर रात्र होऊन बाहेरची हवा निवलेली असे. मृगाआधी वर माती टाकायची, तुडवायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हे काम घरोघर चाले. माझे बालपण अशाच माळवदाखाली गेले आहे, त्यामुळे त्याची ओढ मलाही आहे.

पण ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विसरता येत नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. चारच्या सुमारास किल्लारीला धरणी हलली आणि लातूर-उस्मानाबादकडे आठ हजारांच्या घरात माणसे गेली. बहुतेक आपल्याच घराखाली गाडली गेली. हिशेब करून पाहा. दहा बाय दहाच्या खोलीवर दीड फूट मातीचा थर म्हणजे १५० घनफूट माती. घनफुटाला ४५ किलो धरले तरी पावणेसात टन होतात. खाली भिंत कसली, तर बाहेरून एक दगड, आतून एक दगड, मध्ये चिखल आणि गिलावा. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हता. भिंत फुगून फुटली आणि वरचे सारे खाली आले. त्या धास्तीने मराठवाड्यात अनेकांनी माती उतरवली आणि पत्रे टाकले. त्यांनी केले ते बरोबरच केले. माती गेली तिच्याबरोबर गारवा गेला, आणि त्याची भरपाई करायची मात्र राहून गेली.

तेव्हा कुणी "पुन्हा मातीचा जाड थर द्या" असे सांगू लागला तर त्याचे ऐकू नका. जुने माळवद अजून असेल तर वर्षानुवर्षे चढलेली जादा माती जाणत्या गवंड्याच्या देखरेखीखाली कमी करून घ्या. दरसाल नवी टाकत राहण्याने छप्पर गळायचे थांबते, पण वजन वाढत जाते. आपल्याला गारवा हवा आहे तो वजनाशिवाय.

स्लॅबवाल्यांचे काम सोपे आहे. बाजारातून कळीचा चुना आणा. किलोला पाच लिटरच्या आसपास पाणी धरा. आदल्या दिवशी लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात चुन्याचे खडे थोडे थोडे सोडा. चुन्यावर पाणी ओतू नका, उसळतो. प्लास्टिकच्या बादलीत तर हा उद्योग नकोच. चुना उकळताना लेकरांना लांब ठेवा. कण डोळ्यात गेला तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा, यात हयगय नको. रात्रभर निवलेला चुना जुन्या लुगड्यातून गाळून घ्या, चिकटपणासाठी भिजवलेला डिंक किंवा सुताराचा पांढरा गोंद घाला. गच्ची झाडून, धुऊन, किंचित ओली असतानाच संध्याकाळी पहिला हात द्या. वाळल्यावर दुसरा, तिसरा. ताजा पांढरा चुना उन्हाचा बराच मोठा भाग आल्या पावली परत पाठवतो. काळपट सिमेंट ते सारे गिळते. एप्रिलमध्ये धूळ बसून पांढरेपणा मळतो, तेव्हा एकदा झाडू फिरवा. पावसाळ्यात चुना धुपतो, म्हणून हे काम दर सालचे आहे, जसे माळवदाचे होते. गच्चीचे पाणी साठवत असाल तर पहिल्या दोन पावसांचे सोडून द्या.

ज्यांच्याकडे रोपवाटिकेची जुनी शेडनेट पडून आहे त्यांनी ती गच्चीवर चार खांब रोवून दोन-अडीच फूट उंच ताणावी. स्लॅबवर नुसती अंथरू नका. खालून वारा खेळला पाहिजे, नाहीतर धग तिथेच कोंडते.

पत्र्यावर चुना टिकत नाही. तिथे गंज खरवडून, अस्तराचा हात देऊन, बाहेरच्या कामाचा पांढरा रंग लावावा. नुसत्या रंगाने मात्र भागत नाही. आतून वीतभर अंतर सोडून बांबूच्या तट्ट्यांचे छत करा आणि वर कोंडलेली हवा जायला दोन्ही त्रिकोणी भिंतींत जाळीची भोके ठेवा. तुराट्या फुकटच्या असतात खऱ्या, पण चुलीच्या वर तुराट्या नकोत, आणि थर्माकोल तर मुळीच नको; तो झटकन पेटतो आणि त्याचा धूर जीव घेतो. विजेची वायर छताआडून नेताना नळीतूनच न्या. आपले जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते कापू, घासू, भोके पाडू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे.

आणि एक, विषय थोडा वेगळा असला तरी सांगतोच. पत्रा उडू नये म्हणून वर दगड ठेवायची आपली सवय आहे. वळवाच्या वादळात पत्रा जातोच आणि दगड घरात येतो. रंगाचे काम काढले आहे तर त्याच दिवशी पत्रे हुकांनी आणि बोल्टांनी नीट आवळून घ्या.

पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. तिच्यासमोर शेवगा लावा, तो लवकर उंच होतो. भिंतीपासून हातभर अंतरावर मांडव करून दोडका, घोसाळी चढवा. मोरीचे पाणी तिकडे वळवले की वेल उन्हाळ्यात जगतो आणि भाजीही मिळते. दिवसा खिडक्या लावून ठेवा, रात्री सगळ्या उघडा. पुष्कळ घरांत नेमके उलटे चालते.

मायभगिनींसाठी दोन शब्द. भर दुपारी पत्र्याखाली चुलीपुढे भाकरी थापणे म्हणजे वरून आणि खालून दोन आगी. स्वयंपाक सकाळी लवकर उरकावा हे सांगायला सोपे, कापूस-सोयाबीनच्या घरात ते जमत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून घरात एकाच खोलीचे छत करायला पैसे असतील तर ते आधी स्वयंपाकघराचे करा, बैठकीचे नव्हे. तट्ट्याऐवजी तिथे न पेटणारे सिमेंटचे, ॲस्बेस्टॉस नसलेले पातळ तक्ते लावा. पुरुष मंडळींनी यावर कुरकुर करू नये.

आता कूलरचे. मी कूलरच्या विरुद्ध नाही. पण १८० वॅटचा कूलर बारा तास चालला तर दिवसाला दोन युनिट, महिन्याला साठ-पासष्ट युनिट होतात. महिन्याला शंभर युनिटच्या पुढे गेलो की पुढच्या युनिटांचा दर चढतो, हे बिलावरून आपल्याला कळतेच. शिवाय तो हंडे-हंडे पाणी पितो. भोकरदन तालुक्यात टँकरची वाट पाहणाऱ्या घराने ते कुठून आणायचे? छप्पर आधी सुधारले तर पुष्कळ घरांत पंख्यावर भागते. पंखा नवा घेणारच असाल तर ३० वॅटच्या आसपासचे पंखे आता मिळतात, जुना ७५ वॅट घेतो.

ज्यांना प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल मंजूर झाले आहे त्यांनी बांधकामापूर्वीच विचार करावा. २०१६ पासूनच्या या योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे, आणि सपाट भागाला मूळ मदत १ लाख २० हजारांची. एवढ्यात महाल होत नाही. पण छताजवळ समोरासमोर झरोके ठेवणे, खिडकीवर रुंद छज्जा काढणे आणि दार-खिडक्या वारा आरपार जाईल अशा बसवणे याला खर्च नाममात्र येतो. स्लॅब पडल्यावर मग भिंत फोडायची पाळी येते.

घरचे सोयाबीनचे बियाणे राखणाऱ्यांनी हे सारे बियाण्याच्या खोलीलाही लावावे. सोयाबीनचे टरफल पातळ. तापलेल्या पत्र्याखाली थप्पी लावली की उगवणशक्ती घसरते आणि जूनमध्ये शंभरातले सत्तर दाणेसुद्धा उगवत नाहीत. मग दोष दिला जातो पावसाला.

करून पाहायचे असेल तर होळीनंतरचा आठवडा बरा. आधी एका रात्री नऊ-दहाच्या सुमारास खाटेवर उभे राहून स्लॅबच्या पोटाला तळहात लावून बघा. चुन्याचे तीन हात झाल्यावर चार-आठ दिवसांनी, तसेच ऊन पडलेल्या रात्री, त्याच जागी पुन्हा लावा. काय फरक वाटला ते मला सांगा. मी वैशाखात चहाला येणार आहेच, आणि या खेपेला लिंबाखाली बसणार नाही.