रात्रीची वस्ती, दिवसाची वस्ती

जनगणनेत गावाची जी लोकसंख्या छापलेली असते, ती एका अर्थी रात्रीची लोकसंख्या असते. माणूस जिथे राहतो तिथे त्याची मोजदाद होते. दुपारी बारा वाजता तो कोठे असतो, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

जपानमध्ये हा फरक फार ठळकपणे दिसतो. टोकियोच्या मध्यभागी चियोदा नावाचा विभाग आहे. २०१५ च्या जनगणनेत तेथील रहिवासी होते सुमारे ५८ हजार. दिवसा तेथे असणारी माणसे मात्र साडेआठ लाखांच्या आसपास! ती येतात कोठून? मुख्यतः लोहमार्गांच्या कडेने वसलेल्या लहानमोठ्या गावांतून. सकाळी रिकाम्या होणाऱ्या आणि रात्री भरणाऱ्या अशा गावांना जपानी लोक ‘बेड टाऊन’ म्हणतात. आपल्याकडे डोंबिवली आणि बदलापूर ही नावे चटकन आठवतील.

अशी वस्ती शहरापासून किती दूर असू शकते? येथे अंतरापेक्षा वेळ महत्त्वाचा. इटालियन शास्त्रज्ञ चेझारे मार्केती यांनी १९९४ साली असे मांडले, की साधन कोणतेही असो, माणूस रोजच्या प्रवासाला सरासरी तासभरच देतो. म्हणजे जायला अर्धा तास, यायला अर्धा तास. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा अर्ध्या तासात अडीच किलोमीटर जातो. बस ताशी २० किलोमीटर वेगाने गेली तर १० किलोमीटर. त्रिज्या चौपट झाली, की वर्तुळाचे क्षेत्रफळ सोळापट होते. २० चौरस किलोमीटरचे शहर एकदम ३०० चौरस किलोमीटरांवर पसरू शकते, ते असे.

जुने सोलापूर हे पायी चालणाऱ्यांचे शहर. १८७७ साली येथे पहिली कापड गिरणी, म्हणजे ‘जुनी मिल’, निघाली. भोंगा ऐकून कामावर पोहोचता येईल इतक्या जवळ कामगार राहत. पूर्व भागात तर घरातच माग चाले. विडी वळणारी बाई कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणी आणि घरी बसून विड्या वळी. घर आणि काम एकाच छपराखाली, मग प्रवास कसला?

आता हे चित्र बदलते आहे. शहराबाहेर कुंभारीला २००६ साली विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत झाली. त्यानंतर तेथेच असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचे ‘रे नगर’ हाती घेण्यात आले. त्यातील पंधरा हजार घरांचे लोकार्पण जानेवारी २०२४ मध्ये झाले. यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे यांना हक्काचे पक्के घर मिळाले, ही मोठीच गोष्ट. पण ज्यांचे काम शहरातच राहिले, त्यांच्यासाठी ही वस्ती ‘बेड टाऊन’ ठरते.

आणि येथे जपानशी असलेले साम्य संपते. तेथे नोकरदाराचा रेल्वेपास बहुधा त्याची कंपनी भरते. आपल्या फेरीवाल्याला असा भत्ता देणारे कोणी नाही. समजा, जाण्यायेण्याला रोज ४० रुपये लागले आणि महिन्याला २५ दिवस काम मिळाले, तर हजार रुपये प्रवासातच गेले. घर स्वस्त पडले की महाग, हे ठरवताना ही रक्कमही घराच्या हप्त्याशेजारी मांडावी लागते. बस वेळेवर आणि माफक भाड्यात मिळणे हा म्हणूनच घरबांधणीचाच एक भाग मानला पाहिजे.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज घेता येईल. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील कमावत्या माणसांचे कामाचे अंतर, साधन, लागणारा वेळ आणि रोजचा खर्च विचारून तक्ता करावा. २०११ च्या जनगणनेतही कामाचे अंतर आणि साधन विचारले होते. वेळ आणि खर्च मात्र नव्हता. तक्त्यावरून दोन आलेख काढावेत: अंतर आणि वेळ यांचा एक, उत्पन्नाच्या गटानुसार प्रवासखर्चाचा दुसरा. जवळ राहूनही कोणाला जास्त वेळ लागतो आणि का, यावर चर्चा घ्यावी. भूगोलाच्या पुस्तकातील ‘नागरीकरण’ हा शब्द मग मुलांना आपल्याच गल्लीत सापडेल.