मांडवीची लाली आणि डिचोलीची शेती

मांद्रे : इथून पणजीला जाताना पावसाळ्यात पुलावरून मांडवी लालसर दिसते. जांभ्या मातीमुळे थोडी लाली नैसर्गिकच. पण डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातला गाळही हीच नदी वाहून आणते.

एक टन लोहखनिज काढायचं तर साधारण दोन-तीन टन माती उपसावी लागते. तिचे डोंगराएवढे ढिगारे रचलेले असतात. पावसात ही माती व्हाळांतून शेतात उतरते. गाळ बसून घट्ट झाला की भाताचं पीक नीट येत नाही. शिरगावात खाणी भूजलाच्याही खाली गेल्या. खड्ड्यांतलं पाणी उपसलं आणि विहिरी आटल्या.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबवलं, २०२४ मध्ये डिचोलीत ते पुन्हा सुरू झालं. मात्र खाण बंद असली तरी ढिगारे तिथंच राहतात, पाऊस तर दरवर्षी येतो. म्हणून बांध आणि गाळाचे खड्डे पावसाआधीच तयार हवेत.