उतारवयातील कबुली : जयपूरमध्ये घडणाऱ्या चित्रपटकथेमागचा कायदा

जयपूर : आयुष्यभर दडवलेली लैंगिक ओळख उतारवयात उघड करणे किती कठीण असते, याचा वेध ‘द बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल’ या २०१२ मध्ये प्रदर्शित झालेल्या ब्रिटिश चित्रपटातील एका उपकथानकाने घेतला आहे. डेबोरा मोगाक यांच्या कादंबरीवर आधारलेल्या या चित्रपटाचे दिग्दर्शन जॉन मॅडन यांनी केले. मूळ कादंबरीतील बंगळूरची जागा पडद्यावर जयपूरने घेतली.

टॉम विल्किन्सन यांनी साकारलेले ग्रॅहम हे निवृत्त न्यायाधीश तारुण्यात दुरावलेल्या मनोज या मित्राच्या शोधात येथे येतात. आपल्यामुळे मनोजच्या वाट्याला अप्रतिष्ठा आली, ही टोचणी त्यांनी अनेक दशके मनात बाळगलेली असते. भेटीनंतर मात्र मनोजने आपले आयुष्य समाधानाने व्यतीत केल्याचे आणि त्याच्या पत्नीला सारे ठाऊक असल्याचे त्यांना कळते. पत्नीची ही भूमिका नीना कुलकर्णी यांची आहे. या भेटीनंतर लवकरच ग्रॅहम यांचा मृत्यू होतो.

या मौनामागे कायद्याचा धाक होता. ब्रिटिश राजवटीतील भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ नुसार समलैंगिक संबंध गुन्हा ठरत. इंग्लंड व वेल्समध्ये १९६७ मध्ये २१ वर्षांवरील पुरुषांचे खासगीतील संमतीचे संबंध गुन्ह्याच्या व्याख्येतून वगळण्यात आले. भारतात मात्र ते कलम कायम राहिले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलासा दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय रद्द केला. अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधील संमतीचे संबंध गुन्हा नसल्याचा निर्वाळा दिला.

मात्र, कायदा अनुकूल असला तरी समाजाचा धाक सरतोच असे नाही. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे अध्यापन करणारे कवी डॉ. रामचंद्र सिरस यांना निवृत्ती जवळ आली असताना, २०१० मध्ये, घरात घुसून केलेल्या चित्रीकरणानंतर निलंबित करण्यात आले. त्या वेळी दिल्लीचा निकाल लागू होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिल्यानंतर काही दिवसांतच ते मृतावस्थेत आढळले. हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ हा चित्रपट त्यांच्यावरच बेतलेला आहे.

समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. त्यामुळे शिक्षेची भीती संपली असली, तरी उतारवयात सोबत राहू इच्छिणाऱ्या समलिंगी जोडप्यांना पती-पत्नीचे कायदेशीर हक्क अद्याप मिळालेले नाहीत.